दारूला मोहाचा वास येतो, मोहाला दारूचा नाही

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या बचतगटांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर तीन केक होते. एक पुदिना-लिंबाचा, एक अननस-नारळाचा आणि एक मोहफुलांच्या पाकात भिजवलेला, आत संत्र्याच्या सालीचं क्रीम भरलेला. पाट्यांवर मी ‘मोहितो’, ‘पिना कोलाडा’ आणि ‘मोह-संत्रा’ असं लिहिलं होतं. दारूबंदीच्या चळवळीत केस पांढरे झालेल्या एक ताई टेबलापाशी थांबल्या, तिन्ही पाट्या वाचल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या. मग त्या माइकवरून बोलल्या. ‘ज्या जिल्ह्यातल्या बायांनी भट्ट्या फोडल्या, तिथंच आता केकात कॉकटेल भरायचं? तेही लेकरांच्या वाढदिवसाला? आज चव लावाल, उद्या ती बाटली मागतील.’ टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या केकच्या वर्गात शिकलेल्या दोघी होत्या.

ताईंविषयी मनात आदर आहे, म्हणून तिथं गप्प राहिले. पण त्या बोलल्या ते मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला माइकची दोन मिनिटं पुरली नसती.

मी दारूबंदीच्या बाजूची आहे. दारूने घराचं काय होतं ते मी लहानपणी आमच्याच घरात पाहिलं. धान विकून आलेला पैसा उंबरठा ओलांडून आत यायचाच नाही, आणि आईच्या पायातली जोडवी एकदा गेली ती परत आली नाहीत. १९९३ साली आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागली, ती कुणी वरून वाढलेली नव्हती. गावागावांतल्या बैठकांतून ती मागून घेतली होती. डॉ. अभय आणि राणी बंग, मेंढा-लेखाचे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही माणसं त्या आंदोलनात होती, पण रात्री गावात पहारा द्यायला बाया होत्या. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाचे कार्यकर्ते त्याच कामासाठी गावोगाव फिरले. वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. ती बातमी ऐकली त्या दिवशी माझा हात कामात लागला नव्हता.

म्हणून ताईंचं एक म्हणणं मी आधीच मान्य करते. केकात दारू नको. अनेक घरगुती केकवाल्या सांगतात की चमचाभर रम घातली तरी ओव्हनमध्ये उडून जाते. हे खोटं आहे, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी ते बोलणं थांबवावं. अमेरिकेच्या कृषी खात्याने शिजवल्यावर मद्यार्क किती उरतो त्याचे तक्ते केले आहेत. पिठात मिसळून पंधरा मिनिटं भाजलं तर सुमारे ४० टक्के उरतो, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के. हा हिशोब भाजलेल्या स्पंजचा. क्रीमला आच लागतच नाही, त्यामुळे त्यात घातलेलं सगळंच्या सगळं खाणाऱ्याच्या पोटात जातं. नदीपलीकडे दारू विकत मिळते, मिळो. माझ्या स्वयंपाकघरात थेंबही येत नाही, आणि वर्गात शिकवताना पहिल्या दिवशी मी हेच सांगते.

पण दारू काढल्यावर कॉकटेलमध्ये काय उरतं, याचा विचार ताईंनी केलेला नाही.

सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फिरून गेला. गोव्यातल्या नेरूळच्या अर्काबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे की त्यापासून इंग्रज ‘पंच’ नावाचं पेय करतात, आणि पाच जिन्नस पडतात म्हणून त्याला इथल्या भाषेत पाचाचं नाव मिळालं. अर्क, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे ते पाच. कॉकटेल हे त्या पंचाचं पुढचं घराणं. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्राने ‘कॉकटेल’ शब्दाचा अर्थ छापला, त्यात दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क एवढंच होतं. दोन्ही याद्यांतून दारू वगळा. उरतं ते आपलं आहे. क्यूबाच्या मोहितोमधून रम काढली की पुदिना घातलेलं लिंबूसरबत राहतं, आणि ते तर ताईंच्याच घरी मी प्याले आहे. पिना कोलाडाला १९७८ साली पोर्तो रिकोने आपलं अधिकृत पेय ठरवलं. त्यातून रम काढली की अननस आणि नारळाचं दूध राहतं, आणि त्या दोन वस्तूंची ओळख कोकणातल्या कुठल्याही आजीला करून द्यावी लागत नाही.

‘मग कॉकटेलचं नाव घेता कशाला, सरबताचा केक म्हणा,’ असं कुणी म्हणेल. हा प्रश्न खरा आहे. नाव घेते, कारण सरबताने मला जे शिकवलं नाही ते कॉकटेलने शिकवलं. आपल्याकडच्या क्रीमच्या केकाची रचना बघा. गोड स्पंज, त्यावर साखरेचं पाणी, त्यावर गोड क्रीम, मध्ये जॅम किंवा बाटलीतला गोड क्रश, वर पाकातली चेरी. गोडावर गोड आणि त्याच्याही वर गोड. तिसऱ्या घासाला जीभ बधिर होते, लेकरं वरची चेरी खाऊन प्लेट बाजूला ठेवतात. कॉकटेल करणारा माणूस गोड घातलं की लगेच आंबट मोजतो, आंबट मोजलं की कडूचे दोन थेंब टाकतो आणि काही पेयांत ग्लासाच्या काठाला मीठही लावतो. त्याच्याकडे प्रमाण असतं. आमटीत चिंच-गुळाचं प्रमाण आपणही सांभाळतो, केकाच्या वेळी मात्र ते शहाणपण कपाटात ठेवून देतो.

क्रीमच्या केकाला हे प्रमाण सगळ्यांत जास्त लागतं, कारण क्रीम म्हणजे स्निग्धांश. तो जिभेवर थर धरतो, आणि आंबट-कडूच तो थर कापतं. पण लिंबाचा रस थेट दुधाच्या क्रीममध्ये पिळला की ते फुटतं. माझे पहिले चार केक असेच गेले. मग कळलं की लिंबाचा वास रसात कमी आणि सालीतल्या तेलात जास्त असतो, आणि तेल क्रीमच्या स्निग्धांशात आनंदाने विरघळतं. साल किसून साखरेत चोळायची, अर्धा तास झाकून ठेवायची, मग ती साखर क्रीममध्ये घालायची. आंबटपणा हवाच असेल तर त्याला आपल्याकडे चक्का आहे. चक्का मुळातच आंबट, म्हणून लिंबाने आणखी फुटण्याचं भय नाही. माझ्या ‘मोहितो’ केकात विलायती काही असेल तर फक्त नाव. आतलं सारण म्हणजे लिंबाची साल, बारीक वाटलेला पुदिना आणि चिमूटभर मीठ घातलेला चक्का, म्हणजे श्रीखंडाचाच एक भाऊ.

चक्क्याचं आणखी एक कारण आहे, ते इथल्या उन्हाळ्याचं. शेजारच्या चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपलीकडे जातो. दुधाचं क्रीम फेटायचं तर ते फ्रीजमधल्यासारखं थंडगार लागतं, आणि भामरागड-एटापल्लीकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल सांगता येत नाही. म्हणून बहुतेक घरगुती केकवाल्या पुडक्यातलं बिनदुधाचं क्रीम वापरतात. ते पामच्या बियांच्या तेलाचं असतं, उन्हात उभं राहतं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं आणि त्यात कुठलीच चव बोलत नाही. मग चव आणायला एसेन्सची बाटली, रंग आणायला निळं सिरप. अशा केकाला कुणी ‘कॉकटेल फ्लेवर’ म्हणून विकत असेल तर त्याविरुद्ध मी ताईंच्या शेजारी उभी राहीन. त्या केकात पुदिना, लिंबू, अननस यांतलं काहीच नसतं.

कडूपणासाठी मला परदेशी बाटली लागत नाही. नागपूरची संत्री बाजारात येतात तेव्हा साली मी फेकत नाही. आतला पांढरा गर अर्धा ठेवून साली दोनदा उकळते आणि मग गुळाच्या पाकात मुरवते. थोडा कडवटपणा मुद्दाम राहू देते. आवळ्याचा तुरटपणा, बेलफळाचा वास, चारोळीचा दुधाळ गोडवा हे सगळं आमच्या जंगलातलं, आठवडी बाजारात टोपल्यांतून येणारं. ते क्रीमबरोबर कसं वागतं हे बघायला कुणीतरी चार केक वाया घालवायला हवे होते, ते मी घातले.

आता ब्लॅक फॉरेस्टचं बोलू. गडचिरोलीपासून सिरोंच्यापर्यंत कुठल्याही बेकरीत जा, काचेच्या कपाटात पहिल्या रांगेत तोच असतो. शाळेचा वाढदिवस, साहेबांचा निरोप, ग्रामपंचायतीचा विजय, सगळीकडे तोच कापतात. हा केक जर्मनीतल्या एका जंगलाच्या नावाचा. त्या जंगलाच्या मुलखात चेरीपासून दारू गाळतात, तिला किर्शवासर म्हणतात, आणि जर्मनीत या नावाने केक विकायचा तर त्यात त्या दारूची चव स्पष्ट लागली पाहिजे असा तिथला दंडक आहे. आपल्याकडे आला तेव्हा दारू वाटेत गळाली आणि चेरीचा पाक राहिला. कित्येक वर्षं आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यातली लेकरं परक्या जंगलाच्या दारूचा हा केक मेणबत्त्या फुंकून खात आली, आणि त्यातून एकही पोर किर्शवासर मागताना मला दिसलं नाही. ‘आज चव लावाल, उद्या बाटली मागतील’ हे खरं असतं तर ते इथं दिसायला हवं होतं. मग आमच्या जंगलाच्या फुलाचा केक झाला की तो संशयित का?

कारण मोह म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. वर्तमानपत्र उघडा, ‘मोहसडवा नष्ट’, ‘मोहफुलांची दारू जप्त’. हे फूल जिल्ह्याच्या बातम्यांत येतं ते सडव्याच्या, म्हणजे दारूसाठी आंबवायला ठेवलेल्या फुलांच्या, ड्रमातूनच. ही नजर आपली नाही, ती अबकारी खात्याकडून आलेली आहे. १८९२ साली मुंबई इलाख्यात ‘म्हौरा’ कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यातल्या लोकांना मोह गोळा करायला बंदी आली. लोकांची तब्येत सांभाळायला नव्हे, सरकारी दारूचं उत्पन्न बुडू नये म्हणून. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या कायद्यातही मोहफूल नियंत्रणातच राहिलं. हे फूल गोळा करण्या-बाळगण्यावरचे, नेण्या-आणण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ साली. सव्वाशे वर्षं कायदा ज्याला दारूचा कच्चा माल म्हणत राहिला, त्याला आपणही तेच म्हणायला लागलो.

ज्यांच्या अंगणात हे झाड आहे त्यांनी असं कधी म्हटलं नाही. फाल्गुन-चैत्रात रात्री फुलं उमलतात आणि पहाटे गळतात, मलईच्या रंगाची, रसाने टरटरलेली. उजाडायच्या आत बाया आणि लेकरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळवलं की फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं, आणि वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. उकडून, भाजून, तीळ-जवसाबरोबर कुटून, लाडू करून ते खाल्लं जातं. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल निघतं ते वेगळंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात लागोपाठ दुष्काळ पडले, तेव्हा चांद्याच्या जंगलातली माणसं धान्य संपल्यावर या फुलांवर जगली. ज्या फुलाने भुकेत माणूस वाचवला त्याला नशेचं फूल म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि वासाचं काय? प्रदर्शनात कुणीतरी केक नाकाशी धरून ‘दारूचाच वास’ म्हणालं होतं. मोहाच्या ताज्या फुलांत शास्त्रज्ञांना २-अॅसिटिल-१-पायरोलीन नावाचा रेणू सापडला आहे. बासमती तांदूळ शिजताना घरभर जो वास पसरतो तो याच रेणूचा. ज्यांनी मोह फक्त ‘पहिल्या धारेची’ म्हणूनच हुंगला, त्यांना फूल हुंगलं तरी धार आठवते. ओळख उलटी झाली आहे. दारूला मोहाचा वास येतो, मोहाला दारूचा नाही.

एका ठिकाणी मात्र सावध राहावं लागतं, आणि ते लपवणं बरं नाही. मोहाचा पाक पातळ ठेवला तर तो आंबतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी एका मुलीच्या वाढदिवसासाठी पाक करून बरणीत ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तर फेस, आणि वासात आंबूस झाक. फुलाच्या साखरेवर जंगलातलं किण्व येऊन बसतंच, त्याला ऊब मिळाली की झालं. म्हणजे त्या दिवशी माझ्या ओट्यावर खरोखरच सडव्याची सुरुवात झाली होती. बरणी परसात ओतली, केक साध्या संत्र्याचा दिला. एटापल्लीकडच्या एका माडिया बाईने मला त्यानंतर नीट शिकवलं. फुलातले केसर एकेक करून काढायचे, नाहीतर घसा खवखवतो. तीनदा धुवायचं. मंद आचेवर शिजवून गाळायचं आणि मग तो रस गुळांब्यासारखा दाट होईपर्यंत आटवायचा. इतक्या दाट साखरेत किण्व वाढत नाही. पातळ हवा असेल तेव्हा त्याच दिवशी गरम पाण्यात सैल करायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. वर्गात मी प्रत्येकीकडून हे तीनदा करून घेते. ताईंनी माझ्या पाट्यांवर बोट ठेवण्यापेक्षा या बरणीवर ठेवलं असतं, तर मी तिथंच मान खाली घातली असती.

आणखी एका गोष्टीवर मी ताईंपेक्षाही कडक आहे. अलीकडे व्हिस्कीच्या बाटलीच्या आकाराचे केक मागतात, वर फोंडंटचं लेबल, कडेला साखरेचे ग्लास. अठराव्या वाढदिवसाला मुलाचे काकाच अशी ऑर्डर घेऊन येतात. मी करत नाही. एकदा सांगितलेल्या दराच्या दुप्पट देतो म्हणाले, तरी नाही केला. त्या केकाची चव साध्या व्हॅनिलाची असते, पण तो बाटली मिरवायला शिकवतो. चवीने कुणी दारुडा होत नाही, बाटलीच्या थाटाने होऊ शकतो. ताईंचा राग या केकांवर निघायला हवा होता, आणि ते विकणारी टेबलं त्याच प्रदर्शनात, माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे होती.

पाट्यांचं म्हणाल तर ‘मोहितो’ आणि ‘पिना कोलाडा’ मी उद्या काढते. लेकरांच्या केकावर पेयाच्या नावाची गरज नाही हे मला घरी आल्यावर पटलं. पुदिना-लिंबू आणि अननस-नारळ लिहीन. चव तीच राहील, मोजमाप तेच राहील. पण ‘मोह’ ही पाटी काढणार नाही.

ती काढली तर ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलात पहाटे मोह वेचणाऱ्या बाईला मी काय सांगणार? दर उन्हाळ्यात मोह किंवा तेंदूपत्त्याला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात गेल्याची बातमी येते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच गावातल्या बाया पुन्हा जंगलात जातात, कारण दुसरं काही नाही. जीव मुठीत धरून आणलेली ती टोपली शेवटी जाते कुठे? घरात खायला राहते त्याहून जास्त व्यापाऱ्याच्या गोदामात, आणि तिथून बऱ्याचदा भट्टीवर. तिच्या फुलाला खाण्याची गिऱ्हाइकं कमी, पिण्याची जास्त. बचतगटांनी लाडू केले, जॅम केला, सरबत केलं, त्या सगळ्याचं कौतुकच आहे. पण वाढदिवस दर आठवड्याला असतो, प्रत्येक गल्लीत असतो. केकासाठी माणूस विचार न करता खिशात हात घालतो. मोह केकात गेला तर त्याची मागणी घराघरांत तयार होते. मी एकटीने गेल्या हंगामात जेवढा मोह घेतला तेवढ्याने एखादी भट्टीही थंड होणार नाही, हे मला माहीत आहे. पण तो मोह मी थेट वेचणाऱ्या बायांकडून, त्यांनी सांगितलेल्या भावाने, केसर काढून घेतला. केसर काढायची मजुरी वेगळी दिली.

काही जण दुसऱ्या बाजूने बोलतात. मोह हे आदिवासींचं अन्न, त्याला क्रीमच्या केकात घालून शहरी नखरे कशाला? त्यांना मी त्या माडिया बाईकडे पाठवीन. तिने केक खाल्ला तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, साखर जास्त झाली. दुसऱ्यांदा म्हणाली, फूल आणखी भाजून घे. तिच्या सांगण्याने मी फूल पाकात घालण्याआधी तव्यावर कोरडं भाजू लागले, आणि तेव्हापासून पाकाला कॉफीसारखी खमंग झाक येते. तिला नखरे दिसले नाहीत, चुका दिसल्या.

ताई, तुम्ही चैत्रात या. सकाळी सहाला मोहाखाली जाऊ, मग माझ्या ओट्यावर पाक आटवू, मग तुमच्यासमोर चक्का फेटू. केक दुपारपर्यंत होईल. खाऊन झाल्यावरही तुम्हाला माइकवरून तेच म्हणायचं असेल तर म्हणा. येताना स्टीलचा डबा आणि जमलं तर बर्फ घेऊन या. घरच्यांसाठी चार तुकडे बांधून देईन, आणि तेव्हा ऊन फार असेल.